जेवणाऱ्या बायांचा फंड

वसुधा, तुझ्या जाण्याने नाशिक जिल्ह्याच्या शाश्वत शेतीच्या क्षेत्रात कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे.

हे वाक्य माझं नाही. तुझ्या शोकसभेत ते इतक्या वक्त्यांनी म्हटलं की शेवटी शेवटी मलाही खरं वाटायला लागलं. प्रत्यक्षात पोकळी होती ती सभागृहाच्या मागच्या अर्ध्या भागात. संयोजकांनी सभा शनिवारी सकाळी ठेवली होती, आणि शनिवारी सकाळी तुझी सगळी माणसं इंदिरानगरच्या बाजारात भाजी घेऊन बसलेली असतात. तो बाजार तूच भरवायला लावलास, हे संयोजकांना ठाऊक होतं. प्रास्ताविकात त्यांनी ते सांगितलंसुद्धा. वार बदलावा असं मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही.

मी आणि हिराबाई पहिल्या रांगेत होतो. हिराबाई चांदवडहून घेवड्याची पिशवी घेऊन आली होती, सभा आटोपली की बाजारात पोचवायची म्हणून. पिशवी मांडीवर, समोर हार घातलेला तुझा फोटो. कुठल्याशा लग्नातला, खांद्यावर शाल घेतलेला.

"ह्यो फोटो कुठून काढला यांनी? वसुताई सासूवानी दिसतात," ती माझ्या कानात म्हणाली.

मग अध्यक्ष उठले. तू ज्यांना नुसतंच 'अध्यक्ष' म्हणायचीस, कारण ते नेहमी कशाचे ना कशाचे असतातच, ते. त्यांनी जाहीर केलं की त्यांचा ट्रस्ट तुझ्या नावाने एक पुरस्कार सुरू करतो आहे. ऑनलाइन अर्ज, तज्ज्ञांची निवड समिती, सादरीकरण, मानचिन्ह, आणि दरवर्षी एक भव्य सोहळा. आपला छोटा निधी या पुरस्कारात विलीन होईल, असंही त्यांनी सांगितलं. टाळ्या पडल्या. आधीचा वक्ता तुला पंचतत्त्वात विलीन करून नुकताच खाली बसला होता, त्यामुळे सकाळभरात तू आणि निधी दोघंही मार्गी लागलात. निधी चालवणाऱ्या तिघींपैकी उरलेल्या दोघी पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्यांना एकदा विचारावं, हे राहून गेलं.

म्हणून हे लिहिते आहे. अध्यक्षांना उत्तर द्यायचं होतं, आणि तू जेवायला कधी येतेस याची तिकडे मनमाडच्या अलीकडे मदत मागितलेली सुनंदा वाट बघत होती. तू तिला शब्द दिला होतास. तू गेल्याचं तिला कळलं, पण दिलेल्या शब्दाचं आता काय होणार ते कोणी तिला सांगितलं नव्हतं. आम्हालाच माहीत नव्हतं.

आता थोडं नवख्या वाचकांसाठी. तू ऐकू नकोस.

आपण शेतकऱ्यांना अगदी छोटी मदत देतो. बियाण्याला, वेलाच्या मांडवाला, ठिबकच्या नळीला, गावातलं धान्य गावात दळलं-विकलं जावं अशा एखाद्या खटपटीला. त्यासाठी अर्ज नाही. ज्याला मदत हवी त्याने आपल्याला जेवायला बोलवायचं. ताटात त्याच्या शेतातलं, फार तर शेजाऱ्याच्या बांधावरचं असेल तेवढंच. तेल, मीठ, चहा-साखर बाहेरची चालेल. जेवताना काय करायचं आहे ते त्याने सांगायचं, आणि हात धुतल्यावर आपण हो किंवा नाही म्हणायचं. कळवतो, बघतो, वरती विचारतो, असलं काही नाही. वरती कोणी नव्हतंच. गावांनी याला जेवणाऱ्या बायांचा फंड असं नाव दिलं. तुला ते इतकं आवडलं की पावतीपुस्तकावर छापून घ्यायला निघाली होतीस. मी चार लोकांत 'लघुअनुदान उपक्रम' म्हणायची. तेव्हा तू मुद्दाम मोठ्याने विचारायचीस, "मंगल, म्हणजे आपला जेवणाऱ्या बायांचाच ना?"

पहिलं जेवण हिराबाईकडचं. तेव्हा तिची-आपली ओळख नव्हती. पडवीत सतरंजी, पुढे पाट, आणि ताटात पनीरची भाजी, जिरा राईस, गुलाबजाम. भाजीवर तेलाचा लालभडक तवंग. तू बोटाने पनीर हलवून पाहिलंस.

"हिराबाई, हे कुठं पिकतं?"

"हायवेला," हिराबाई म्हणाली. तिने दिराला सकाळीच मोटरसायकलवरून हॉटेलात पिटाळलं होतं.

"पण निरोप दिला होता ना, घरचंच वाढा म्हणून?"

"निरोप मिळाला. पण ताई, नाशिकहून कमिटी येणार आणि आमी घेवडा वाढायचा? गावात तोंड दाखवायला जागा राहील का?"

ही चूक पुढे घराघरात भेटली. घरचं वाढा म्हटलं की लोकांना वाटायचं, बाई बोलायला साध्या आहेत, पण म्हणून आपण कमीपणा घ्यायचा का? जे रोज खाऊन ते ठणठणीत होते, तेच पाहुण्यापासून लपवायचे. तू त्या दिवशी भाषण दिलं नाहीस. ताट उचललंस आणि थेट स्वयंपाकघरात गेलीस. चुलीपाशी हिराबाईची सासू बाजरीची भाकरी आणि घेवड्याची भाजी घेऊन बसली होती.

"बाई, तुमचं बाहेर मांडलंय," म्हातारी म्हणाली.

"बाहेर पनीर आहे."

"मंग पनीर इकडं द्या. मी कधी खाल्लं नाय."

तुम्ही ताटं बदललीत. म्हातारीने पनीर चावून पाहिलं आणि रबर आहे असा निकाल दिला, पण संपवलं. तू भाजीतला घेवडा बोटात धरून विचारत राहिलीस. ते बी तिच्या माहेरचं होतं, दरवर्षी राखेत घोळवून ठेवलेलं. हिराबाईला मदत हवी होती रंगीत ढोबळी मिरचीला. मिळाली घेवड्याच्या मांडवाला. याचा राग तिच्या मनातून अजून गेलेला नाही. तुझ्या तेराव्याला परत म्हणाली, "ढोबळी केली असती तर आज मीच कोणाला तरी फंड दिला असता." त्या मांडवानंतर ती आपल्यात आली आणि आता फंड तीच देते, हे तिच्या लक्षात आणून द्यायचं मी टाळलं.

तेराव्याचंही सांगून टाकते. तुझ्या भाच्यांनी सगळं मनापासून केलं, पण कॅटरर लावला होता, आणि पुलावात गोठवलेले मटार निघाले. हिराबाईने एक मटार दोन बोटांत धरून दिव्याच्या उजेडात पाहिला, जणू त्याने काही गुन्हा केला होता. "वसुताईंच्या तेराव्याला बरफाचा वाटाणा," एवढंच म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला. शोकसभेत ती रडली नव्हती. मीही नव्हते. मटारापाशी दोघी रडलो, आणि वाढप्याला वाटलं पुलाव तिखट झाला. त्याने आम्हाला दही आणून दिलं.

आपलं भांडण अर्धवट राहिलं, वसुधा. गाडीत बसलं की सुरू व्हायचं.

"अगं, चार ओळी तरी लिहून घेऊ. उद्या कोणी विचारलं, याला का दिलं आणि त्याला का नाही, तर काय सांगणार?"

"याच्याकडे जेवलो म्हणून सांगायचं. त्याच्याकडेही जेवलो."

"म्हणजे चव बघून देतेस?"

"बेचव जेवूनही दिलंय. सिन्नरची आमटी विसरलीस?"

"मरेपर्यंत नाही विसरणार."

"बघ. अर्ज असता तर विसरली असतीस."

हा काही युक्तिवाद नाही, असं मी म्हणायची. तू खिडकीबाहेर बघत दुसऱ्याच्या शेतातल्या मक्याला नावं ठेवायचीस. माझा मुद्दा मी सोडलेला नाही. ज्याला चारचौघांत बोलता येत नाही, ज्याच्या घरी माणसं बसवायला जागा नाही, ज्याची बायको आजारी आहे, त्याने काय करायचं? तू म्हणायचीस, त्याच्याकडे डबा घेऊन जाऊ. आणि आपण गेलोही. तरी मुद्दा उरतोच.

पण ती वस्ती आठवते. गावाच्या कडेची. बाई दारात उभी राहिली, आत या म्हणेना. आपण ओट्यावर टेकलो तेव्हा म्हणाली, "आमच्याकडं गावातलं कोणी चहासुद्धा घेत नाय. तुमी खरंच जेवणार का फोटो काढून जाणार?"

"भूक लागली आहे," तू म्हणालीस. "आधी वाढा, मग बोलू."

तिने कुळथाचं पिठलं वाढलं. तू दोनदा मागून घेतलंस. परत येताना मी अर्जाचा विषय काढला नाही. पुढच्या आठवड्यात काढला.

दुसरं भांडण त्याहून जुनं. "वसू, एवढ्याशा पैशात काय होणार?" असं मी पहिल्या दिवसापासून विचारत आले. तू एकदाच उत्तर दिलंस, "एवढ्याशात एवढंसं होतं," आणि पुढे हा प्रश्न ऐकू न आल्यासारखं केलंस. तू बरोबर होतीस असं मी आजही म्हणणार नाही. माणूस गेलं की त्याचं सगळं बरोबर होतं असं म्हणायची पद्धत आहे, आणि मला ती कधीच पटली नाही. तुलाही नसती पटली. समोर भांडायला कोणी नाही म्हणून जिंकणं हे आपल्या दोघींच्या शिस्तीत बसत नाही.

अध्यक्षांची आणि तुझी खरी गाठ पडली ती आपल्या वार्षिक जेवणात, जिथे मदत घेतलेले सगळे जमतात. त्यांना वाटलं होतं कार्यक्रम आहे. खुर्ची शोधत होते, आपण सतरंजीवर बसवलं. आपल्या जेवणाचा नियम त्यांना कोणी सांगितला नव्हता. ज्यांचं वर्षभरात फसलं त्यांनी आधी बोलायचं, आणि ताट आधी त्यांना. त्यांनी तुला विचारलं, "ताई, यशोगाथा कधी सुरू होतील?" तू म्हणालीस, "आधी निवृत्तीभाऊंचं ऐका."

निवृत्तीभाऊंनी आपल्याकडून गांडूळखतासाठी मदत घेतली होती. खताचा वाफा त्यांनी सावली चांगली म्हणून खुराड्याला लागून केला.

"गांडुळं कोंबड्यांनी खाल्ली," ते उभे राहून शांतपणे म्हणाले. "एक नाय ठेवलं. पण अंडी लय भारी निघाली."

माणसं हसून लोळली. तू त्यांना विचारलंस, दुसऱ्याने करताना काय करू नये? वाफा कुठे नको, झाकण कसं हवं, कोंबड्या किती लांबून वास काढतात, हे त्यांनी इतकं नीट सांगितलं की त्या वर्षी कोणाचीही गांडुळं गेली नाहीत. अध्यक्ष हसले नाहीत. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाईंचं काम उत्तम आहे, पण मांडणी चुकते." मला त्यांचं अगदीच खोटं वाटलं नाही, हे तुला तेव्हाच सांगितलं होतं. तू म्हणालीस, मग तू मांड. मी मांडत बसले आणि तू पंगतीत वाढायला गेलीस.

गेल्या आठवड्यात मी आणि हिराबाई अध्यक्षांच्या ऑफिसात गेलो. काचेचं टेबल, त्यावर ऊस हातात धरलेल्या शेतकऱ्याचा चकचकीत पुतळा. त्यांनी चहा मागवला आणि माझाच मुद्दा माझ्यापुढे ठेवला. पारदर्शकता हवी, निकष हवेत, भावनेवर संस्था चालत नाही. सगळी वाक्यं माझी होती, फक्त इस्त्री केलेली. मग पुरस्काराची रक्कम सांगितली. ती ऐकून हिराबाईने मांडीवरची घेवड्याची पिशवी खाली ठेवली. तेवढ्या पैशात आपला निधी कितीतरी वर्षं आरामात चालला असता. मी तुझी आठवण काढली, पण उपयोग झाला नाही. तू असतीस तर नक्की काय म्हणाली असतीस ते मला सुचेना.

हिराबाईनेच तोंड उघडलं. "साहेब, एवढे पैसे म्हंजे कितीक जणांना देणार तुमी?"

"एकाला," अध्यक्ष म्हणाले. "पुरस्कार आहे. दरवर्षी एकच मानकरी."

"आन् बाकीचे?"

"बाकीचे त्यातून प्रेरणा घेतील."

हिराबाईने माझ्याकडे बघितलं. प्रेरणा म्हणजे काय ते तिला कळत नाही असं नव्हे. तिला ती खूपदा मिळालेली आहे.

"मनमाडची सुनंदा हाय," ती म्हणाली. "रेल्वेतल्या माणसांना बाजरीच्या भाकरीचे डबे द्यायचे म्हणते. आसपासच्या बायांची भाजी घेणार. तिला दगडी चक्की पाहिजे. ती कधी मिळंल?"

"पुढच्या वर्षी अर्ज खुले होतील. तिने प्रकल्प अहवाल आणि सादरीकरण तयार ठेवावं."

"तवर रेल्वेवाले काय खातील? मानचिन्ह?"

मग मी बोलले. म्हटलं, निकषांबद्दल तुमचं बरोबर आहे आणि त्यावर मी वसुधाशी वर्षानुवर्षं भांडले, पण ते भांडण आमच्या घरातलं आहे. तुमच्या घरात आणून मी ते जिंकणार नाही. निधी विलीन होणार नाही. आणि पुरस्कार द्यायचाच असेल तर तिचं नाव काढून द्या, ती शाल घेऊन बसणारी बाई नव्हती.

"ताईंचं नाव अजरामर झालं असतं," अध्यक्ष हळहळून म्हणाले.

"व्हय, पण त्या स्वतः तर गेल्या ना," हिराबाई म्हणाली. "आमाला मनमाडला जायचंय."

उतरताना जिन्यात ती म्हणाली, "मंगलताई, रक्कम लय मोठी होती हो." मी म्हटलं, "होती." खालच्या मजल्यावर पोचलो. मग तिला एकदम आठवलं की पिशवी वरच राहिली. घेवडा आणायला परत गेलो. एवढा ताठ नकार देऊन लगेच भाजीसाठी दार वाजवणं अवघड जातं, हे तुला सांगायलाच हवं. अध्यक्षांनी पिशवी स्वतः आणून हातात दिली. माणूस वाईट नाही. त्यांना फक्त सतरंजीवर बसता येत नाही.

मग आम्ही सुनंदाकडे गेलो, तुझ्याशिवाय पहिल्यांदा. गाडीत कोणी मक्याला नावं ठेवली नाहीत. मी एकदा ठेवून पाहिली, जमलं नाही.

सुनंदा तिशीतली, बोलायला फटकळ. तिने तीन ताटं मांडली होती. आम्ही तिसऱ्याकडे बघितलं तेव्हा म्हणाली, "वसुताई येणार होत्या, म्हणून." हिराबाईने आपलं ताट संपवलं, मग ते तिसरं पुढे ओढलं आणि म्हणाली, "वाढलेलं टाकायचं नसतं." आणि जेवली. नीट, शेवटच्या घासापर्यंत. वसुधा, तुझ्यासाठी आजवर जेवढ्या श्रद्धांजल्या झाल्या त्यांत मला हीच मान्य आहे.

ताटात बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, शेवग्याच्या शेंगा, हिरव्या मिरचीचा ठेचा. सगळं तिथलंच. सुनंदाची सासू उंबऱ्यात बसून ऐकत होती.

"गावात दोन गिरण्या हायेत. हिला आपली येगळी चक्की कशाला?" सासूने विचारलं.

"गिरणीत आधीच्या माणसाचा गहू राहतो," सुनंदा म्हणाली. "भाकरी चिवट निघती. डब्यात दुपारपोतर मऊ राहिली पाहिजे. घरचा माणूस बोलून दाखवतो, डबा घेणारा बोलत नाय, नुसता डबा बंद करतो."

"रेल्वेवाल्यांना बाजरी गिळवंल का, ते बघ आधी."

"तुमच्या लेकाला गिळवती ना? तो रेल्वेतच हाय."

मी तुझ्याच सुरात विचारायचा प्रयत्न केला. "आणि नाही चाललं तर?"

"नाय चाललं तर तुमच्या जेवणाला येऊन सांगीन. आधी ताट मिळतं म्हणतात."

मी हिराबाईकडे बघितलं. ती ढोबळी मिरचीबद्दल काही बोलेल अशी धास्ती होती. बोलली नाही. आम्ही मोरीपाशी हात धुतले आणि हो म्हटलं. सुनंदाने आभार मानले नाहीत. चक्की ओसरीत बसेल की आत, यावर तिचं आणि सासूचं लगेच जुंपलं.

तर हे असं आहे. लोक म्हणतात, तुझ्या आत्म्याला शांती लाभो. मी तसं म्हणणार नाही. तुला शांतता कधी मानवली नाही, आणि आम्हाला तू शांत पडलेली परवडणार नाहीस. निधी छोटाच राहील. त्याला इमारत नसेल, मानचिन्ह नसेल, तुझा पुतळा तर नाहीच. एवढ्याशा पैशात काय होणार, हे मी दर वेळी विचारत राहीन. तुझ्या जागी आता हिराबाई ते ऐकू न आल्यासारखं करते, आणि ती खरंच थोडी बहिरी आहे, त्यामुळे अस्सल वाटतं. आम्ही गावोगाव जाऊ, सतरंजीवर बसू, पुढ्यात येईल ते जेवू आणि हात धुतल्यावर हो किंवा नाही सांगू. आम्हाला कोणी विलीन करायला आलं तर त्यालाही आधी ताटावर बसवू. जेवढं आमच्याने होईल तेवढं, आणि त्याच्यापुढे थोडं.

सुनंदाचा ठेचा फार तिखट होता. मी परवापासून मुगाच्या खिचडीवर आहे.